ह्याच्या आदी काय हुतं?

आमच्या शेजारच्या सुभेदारांना तुम्ही आपलं नाव सांगितलंत, की ते नमस्कार करत नाहीत, बसा म्हणत नाहीत, पाणीसुद्धा विचारत नाहीत. डोळे बारीक करून एवढंच विचारतात, "ह्याच्या आदी काय हुतं?"

समोर बाई असेल तर हा प्रश्न चुकत नाही. बँकेत नव्यानं आलेल्या मॅनेजरबाईंना त्यांनी तो खिडकीतून विचारला. दवाखान्यात सलाईन लावणाऱ्या सिस्टरला, सुई तिच्या हातात असताना विचारला. माझी जाऊ गेली, तिच्या तेराव्याला हार घातलेल्या फोटोसमोर उभे राहिले आणि माझ्या पुतण्याला म्हणाले, "खाली लिवलंय ते ठीक हाय. ह्याच्या आदी काय हुतं?"

"माहेरचं आडनाव विचारताय का, काका?"

"आडनाव न्हाई. नाव. लग्नाआदी तुज्या आईला कोन म्हनून हाक मारायचे?"

पुतण्याला माहीत नव्हतं. सुभेदार ताटातला लाडू तसाच ठेवून उठले. "आईचं नाव म्हाईत न्हाई आन् लाडू वाटतंय," असं पंगतीला ऐकू जाईल इतक्या बेतानं पुटपुटत चपला घालून निघून गेले.

मी तेव्हा त्यांच्यावर चिडले. पुढंही पुष्कळ वेळा चिडले. हे लिहायला बसलेय तीही चिडूनच, फक्त आता कुणावर ते नीट सांगता येत नाही.

सुभेदार बाबूराव जगदाळे. कडेगावात आमच्या भिंतीला भिंत. सैन्यात तीस वर्षं काढली, पण बंदूक थोडी आणि टाइपरायटर फार. क्लार्क होते. "बंदुकीनं मानूस एकदाच मरतो, बाई. कागदात चुकला की रोज मरतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. (मी निवृत्त शिक्षिका. त्यामुळे गल्लीला मी बाई, आणि त्यांनाही बाईच.) एका जवानाच्या विधवेचं नाव गावच्या कागदात एक आणि पलटणीच्या कागदात दुसरं होतं, ती बिचारी किती वर्षं हेलपाटे घालत होती, ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे, की मला त्या बाईच्या चपलाही ओळखू येतील.

बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा मडगावला औषधांच्या कारखान्यात. घरात सुभेदार, एक रेडिओ आणि लाल कापडात बांधलेली सात रजिस्टरं. खिशाला दोन पेनं, निळं लिहायला आणि लाल चूक दाखवायला. पेन्सिल घरात नाही. "पेन्सिल भित्र्याचं हत्यार. लिवायचं तर शाईनं लिवावं, न्हाईतर हात खिशात घालून गप बसावं."

हे नावांचं वेड मात्र सैन्यातलं नव्हे. ते गोव्याहून आलं.

मुलानं तिकडचीच मुलगी केली. फिलोमिना. सुभेदार आधी आठ दिवस गप्प बसले, मग लग्नाला गेले आणि तिला 'फिलू' म्हणत परत आले. तिच्या पणजोबांचे कागद लिस्बनला पाठवायचे होते, तिच्या मामाला पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा होता. मडगावच्या वकिलानं ते तोंडावर फेकले. बाप्तिस्म्याच्या वहीत माणूस जुझे कायतान. लग्नाच्या वहीत कायतान फर्नांडिस. बोटीवर नोकरीला गेला तिथं जोजफ. आणि मेला तेव्हा पाद्रीबाबांनी लिहिलं कास्तू, कारण अख्खा वाडा त्याला कास्तू म्हणत होता. वकील म्हणाला, ही चार माणसं आहेत. फिलू सासऱ्यांना फोनवर म्हणाली, "पप्पा, आमचे पणजोबा जुळत नाहीत."

झालं. सुभेदार नाताळला म्हणून गेले ते होळीला परतले. तिथल्या जुन्या वह्यांचे फोटो, एक डिक्शनरी, आणि हातात पहिलं रजिस्टर. येताच मला कुंपणावरून सांगायला सुरुवात.

"पुर्तुगाली लोक बापाला पाय म्हनत्यात, बाई, आन् आईला मांय. आपलीच माय चोरलिया. पर पाद्री लय शाना. पोरगं न्हाऊ घातलं की वहीत त्याचं नाव, आईबापाचं नाव, बापाच्या आईबापाचं, आन् आईच्या आईबापाचं. चारी बाजूनं मानूस खुट्टीला बांधलाय. मग त्यो सायबाच्या बोटीवर जोजफ हू दे न्हाईतर फिसफ हू दे. आजी तीच घावली, की मानूस त्योच."

असा त्यांनी कास्तू शोधून काढला, त्याच्या आजीच्या नावावरून. माणसागणिक एक पान. पानावर ज्या क्रमानं कागद, त्या क्रमानं नावं. प्रत्येक नावापुढे कुठल्या वहीत मिळालं ते. शेवटचा रकाना शेऱ्याचा. आणि सगळ्या रजिस्टरांच्या पहिल्या पानावर लाल शाईत एकच नियम: कागदात हाय तसं लिवायचं. सुधारायचं न्हाई.

मी म्हटलं, चला, म्हाताऱ्याला विरंगुळा झाला. विरंगुळा कसला. म्हातारा पेटून आला होता.

"तिकडं समुद्रापल्याडनं आलेला पाद्री, त्यानं कास्तूच्या आजीचं नाव लिवलं," ते म्हणाले. "आन् ह्ये बगा आमचं." त्यांच्या घरात भिंतीवर ड्रॉइंगचा मोठा कागद चिकटवलेला. अकरा पिढ्या. येसाजी, खंडोजी, बाजी, पुन्हा खंडोजी. सगळे मिशीवाले. सुभेदारांनी लाल पेनानं ज्या ज्या माणसाच्या बायकोचं नाव मिळालं ते लिहिलं होतं. खालून वर पाच पिढ्यांची मिळाली. लक्ष्मी, लक्ष्मी, लक्ष्मी, लक्ष्मी, लक्ष्मी.

जगदाळ्यांच्या घरात रीतच होती. थोरल्या सुनेनं माप ओलांडलं, की ताटातल्या तांदळात नवऱ्यानं अंगठीनं 'लक्ष्मी' लिहायचं. विचार करायचा त्रास नाही.

"आपल्याकडे सगळीकडेच होतं असं," मी म्हटलं.

"माजी आई लक्ष्मी," सुभेदार म्हणाले. "मी चार वर्साचा असताना गेली. बानं दुसरी केली. ती बी थोरली सून, म्हनून ती बी लक्ष्मी. रेशनकार्डात एक लक्ष्मी. सातबाऱ्यावर एक लक्ष्मी. दुसरी आई चांगली हुती, लय माया केली, ऐंशीची हून गेली. लोक मला म्हनत्यात, सुभेदार, नशीबवान हाय, आई इतकी वर्सं लाभली." त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं. "माजी आई कागदात मेलीच न्हाई, बाई. कारन ती कागदात कवा हुतीच न्हाई. तिचं आदीचं नाव घावल्याशिवाय मी मरायचा न्हाई. आन् आता चौऱ्याहत्तर झाली."

ही त्यांची खरी मोहीम. बाकी मॅनेजरबाई, सिस्टर, माझी जाऊ हा सगळा सराव. पण सराव करता करता त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक बाईचं एकेक पान उघडलं, आणि एके दुपारी रजिस्टर घेऊन माझ्या ओट्यावर आले.

"शैलजाबाई. ह्याच्या आदी काय हुतं?"

"सुमन," मी फटकन म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि निळ्या शाईत 'सुमन' लिहिलं.

ते खोटं होतं. का खोटं बोलले ते सांगायचं, तर मला एका एकवीस वर्षांच्या मूर्ख पोरीची ओळख करून द्यावी लागेल. तिचं लग्न ठरलं होतं. नाव नवरामुलगा निवडणार हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं भावाच्या हाती होणाऱ्या नवऱ्याकडे बारा नावांची यादी पाठवली, सुवाच्य अक्षरात, आणि त्यातल्या 'शैलजा'खाली तीन रेघा ओढल्या. त्या भल्या माणसाला आपणच ते नाव निवडलं असं वाटलं, आणि पुढं चाळीस वर्षं वाटत राहिलं. लक्ष्मीपूजनाच्या वेळी तो तांदळात सावकाश 'शै' काढतोय, तोवर ही बया मोठ्यानं 'शैलजा' म्हणून मोकळी. भटजींनी वटारून पाहिलं. नवरी रडते म्हणतात, ही दात काढून हसतेय. फोटो आहे. त्या फोटोतली पोरगी आज भेटली तर तिच्या एक कानाखाली देईन. नवं नाव मिळालं की जुनं कुणाला दिसणारच नाही, अशी तिची समजूत. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातली गत.

हीच पोरगी पुढं शिक्षिका झाली. जूनमध्ये नावं घालायला बाप लोक यायचे. दगडू, धोंडाबाई, केराबाई, नकुसा. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून दगडू, आणि मुलीमागून मुली झाल्या म्हणून नकुसा, म्हणजे ही आता नको, पुढचा मुलगा दे. आमच्या साताऱ्याकडे अशा नकुसा गावोगाव. मी काय करायची? पेन उचलायची आणि सुधारायची. दोन मिनिटांत टेबलावर बारसं. धोंडाबाईची संध्या, नकुसाची वर्षा. बाप मान डोलवायचा, त्याला काय. आणि मी दिवसभर ताठ मानेनं फिरायची, जणू समाज एकटीनं सुधारला.

त्यातली एक वर्षा तिशीत कागदांच्या घोळात अडकली आणि कुणी तरी तिला सुभेदारांकडे पाठवलं. ते तिचे दाखले घेऊन तरातरा माझ्या ओट्यावर.

"बाई, ही वर्षा कोन?"

"माझी विद्यार्थिनी."

"जल्माच्या दाखल्यावर नकुसा हाय."

"मग? ते काय नाव आहे? मी सुधारलं."

"तुमाला कुनी सांगितलं सुधाराया? पोरगी आता दोन बायका हून बसलिया."

"म्हणजे तिनं जन्मभर नकुसा म्हणून राहायचं?"

"ऱ्हायचं कशाला? बदलायचं. पर दोनी लिवायची. आदीचं खोडलं की त्या नावाची पोरगी मरती, बाई."

"मरू दे. मेलेलीच बरी," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला, की समोरच्या घरातली माणसं दारात आली.

सुभेदारांनी माझ्याकडे पुन्हा तसंच पाहिलं, दाखले गोळा केले आणि गेले. मला वाटलं, जिंकले.

त्यांनी सूड उगवला तो माझ्या नातवाच्या लग्नात, साताऱ्याच्या हॉलमध्ये. निदान मला तेव्हा तो सूडच वाटला. नातसून प्राजक्ता, इंजिनिअर. तिचं नाव मी बदलून 'शर्वरी' ठरवलं होतं. का, तर मला आवडलं. आम्हाला नाही का बदललं, मग तिलाही बदलू दे. एवढं शहाणपण. तांदळाचं ताट आलं, नातवानं अंगठी धरली, आणि वडीलधाऱ्यांच्या ओळीतून सुभेदार उठले.

"थांबा, भटजी. ह्याच्या आदी काय हुतं?"

"काका, पत्रिकेत आहे की," कुणी तरी म्हणालं. "प्राजक्ता."

"मग भाईर कमानीवर फुलांत लिवलीय ती प्राजक्ता आता कुटं जानार? तिचं जेवान झालं का?"

लोक हसले. त्यापेक्षा वाईट म्हणजे नवरी हसली. आणि म्हणाली, "मला माझंच नाव पाहिजे होतं, आजी. तुम्हाला सांगायला भीती वाटत होती." माझ्या नातवानं तांदळात प्राजक्ता लिहिलं, सगळ्यांच्या देखत, माझी परवानगी न घेता.

पंगतीत मी सुभेदारांना गाठलं. "तुमच्या त्या फिरंगी पाद्र्यांना घेऊन कायमचे गोव्याला जा."

"पाद्र्यानं निदान आज्ज्या लिवल्यात," ते भाताचा ढीग फोडत म्हणाले. "तुमच्या पत्रिकेत आठ पुरुष हायत. नवरीची आजी कुटंय? तुमी तरी कुटं हाय?"

मी नव्हते. पत्रिकेवर माझ्या स्वर्गवासी नवऱ्याचं नाव होतं. 'यांचा नातू'. जिवंत बाईचा पत्ता नाही. मी पत्रिकेची प्रुफं स्वतः तपासली होती.

मी बोलणं टाकलं. शेंगदाण्याची चटणी जायची ती बंद केली. सव्वा महिना कुंपणाकडे पाठ. पण पाठीला कान असतात. हेळवी आला ते सगळं मला ऐकू आलं.

हेळवी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वंशावळ सांगणारे. पूर्वी कर्नाटकातून बैलावर बसून यायचे, हा मोटारसायकलवर आला. पोथीसारखी वही काढून त्यानं सुरात जगदाळ्यांच्या अकरा पिढ्या म्हटल्या.

"बायका कुटं हायत?" सुभेदारांचा आवाज.

"आमच्यात बायकांचं लिवत न्हाईत, मालक. पुरुषाचा वंश चालतो."

"मग ह्यो अकरा पिढ्यांचा वंश काय पुरुषांनी पोटातनं काढला?"

हेळवी हसला असावा. मग शांतपणे म्हणाला, "आमच्या आज्ज्यानं लिवलं तसं मी वाचतो, मालक. मी सुधारत न्हाई."

सुभेदारांना त्यांच्याच नियमानं कुणी तरी चीत केलं होतं. मी पदर तोंडात कोंबून हसले. पण हेळवी मनाचा मोठा होता. म्हणाला, "रागावू नका. आईच्या म्हायेरचं आडनाव सांगा. ते घर आमच्या भावकीत कुनाच्या तरी वहीत असंल."

पंधरा दिवसांनी सुभेदार माझ्या फाटकाशी उभे. आत आले नाहीत.

"बाई, तुमी माज्याशी बोलत न्हाई ते ठावं हाय. बोलू नका. पर चला. हेळव्याचा फोन आलता. मामाचा वंश बुडाला. पर आईची धाकटी भन हाय. मान तालुक्यातल्या एका गावात, लेकीकडं. जित्ती हाय. बाईमानसाशी बोलंल. माज्याशी न्हाई बोलली तर…"

त्यांचं वाक्य अर्धं राहिलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. चपला घातल्या.

भाड्याच्या जीपमध्ये ते कोटावर पदकं लावून बसले होते. दाढी इतकी घोटलेली, की हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त. माणचे बोडके डोंगर लागले तेव्हा त्यांनी एकेक पदक काढून खिशात टाकलं. मी विचारलं नाही. माझं बोलणं बंद होतं.

मावशी अंगणात बाजेवर, शेंगा फोडत. डोळ्यांत मोतीबिंदू. सुभेदारांनी पायाला हात लावला तसा तिनं त्यांचा चेहरा चाचपला. पंचाहत्तरी उलटलेला चेहरा.

"बाबू व्हय रं? तुजी आई गेली तवा तू उंबऱ्यात बसून बोरं खात हुतास. तुला कुनी सांगितलंच न्हवतं."

सुभेदार खाली मातीतच बसले. त्यांनी रजिस्टर काढलं, पण उघडलं नाही.

"मावशे, आईचं नाव काय हुतं?"

"लक्ष्मी की."

"ते सासरचं. ह्याच्या आदी काय हुतं?"

हा प्रश्न मी शंभर वेळा ऐकला होता. असा कधी नाही. मावशी शेंग फोडायची थांबली. तिनं त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे मान वळवली, जणू बाईला तरी कळावं.

"ते कशाला आता? तिसरी पोरगी रं ती. आमच्या बानं नकुसा ठेवलं."

मला हातातली चहाची बशी खाली ठेवावी लागली.

"पर लय द्वाड हुती," मावशी हसली. तोंडात एकही दात नव्हता. "नकुसा म्हनून हाक मारली की ओ द्यायची न्हाई. आंब्यावर बसून वरनंच सांगायची, ती न्हाई घरात. बानं लय मारलं. पर न्हाई म्हंजे न्हाई. मग आमी तिला नुसतंच 'ये गं' म्हनायला लागलो."

कडेगावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. ते आपल्या घरी न जाता माझ्या ओट्यावर बसले, रजिस्टर उघडलं, आईचं पान काढलं. वर लाल शाईत फक्त एक प्रश्नचिन्ह. निळ्या पेनाचं टोपण काढलं, आणि हात तसाच राहिला.

"बाई, तुमी सुधारता. सांगा, काय लिवू?"

मी ओट्यावर त्यांच्या शेजारी बसले.

"फिलूला फोटो धाडायचा हाय. तिच्या पाद्र्याच्या वहीत पाचशे बायका वाचल्या मी. असलं एक बी नाव न्हाई. आता माज्या आईच्या पानावर मी ह्ये लिवू? नको म्हनून?" त्यांचा आवाज चढला, पण राग निघत नव्हता, नुसता आवाजच निघत होता. "कुनाला नको हुती? मला पायजे हुती की, बाई. मला ती लय पायजे हुती."

मला संताप आला. त्यांच्या आजोबाचा, माझ्या बापाचा, आणि सगळ्यात जास्त त्या तीन रेघा ओढणाऱ्या पोरीचा. मी रजिस्टर त्यांच्या मांडीवरून ओढून घेतलं. म्हटलं, आधी माझं पान बरोबर करू, मग तुमचं बघू. चवथी मुलगी मी. कोरेगावाकडच्या शाळेत सात वर्षं, पुढं ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं, रोज त्याच नावानं हजेरी झाली माझी. म्हणून तर पुढं माझ्या हजेरीत ते नाव माझ्या तोंडून निघायचं नाही. समाजसुधारणा कसली, दात आवळून केलेली पळवाट.

माझं पान सापडलं. शैलजा. त्यावर निळ्या शाईत सुमन. आणि शेऱ्याच्या रकान्यात, बारीक, फिकट अक्षरात: 'शाळंच्या वहीत दुसरं हाय. बगितलं. बाईंनी आपनहून सांगितलं तर लिवावं. विचारू नये.'

पेन्सिलीनं.

मी मान वर केली. "कधी पाहिलंत?"

"दुसऱ्या कामानं कोरेगावाला गेलतो. दोन वर्सं झाली." ते अंगणाकडे बघत होते. "ते वाचायचं न्हवतं तुमी."

म्हणजे 'मेलेलीच बरी' असं मी ओरडले, तेव्हा या माणसाला माहीत होतं. गल्ली दारात उभी होती. एक शब्द बोलले असते तर जिंकले असते.

"पेन्सिल कुठून आणलीत?"

"शेजारच्या पोरीकडनं. परत बी दिली लगीच."

मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं. माझ्या पानावर लिहिलं, नकुसा. एकोणपन्नास वर्षांनी. अक्षर अजून चांगलं आहे माझं. मग 'सुमन' खोडायला गेले तर त्यांनी हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. ते बी तुमीच सांगितलेलं हाय. खोडायचं न्हाई."

मग त्यांच्या आईचं पान. लाल प्रश्नचिन्हाखाली मी नकुसा लिहिलं, त्यापुढं 'धाकट्या बहिणीनं सांगितलं', खाली लक्ष्मी. सुभेदार एकेक अक्षर उमटताना बघत होते.

"शेऱ्यात लिवा," ते म्हणाले. "ह्या नावानं हाक मारल्यावर ओ देत नसे."

मी लिहिलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि सव्वा महिन्यात मी पहिल्यांदा त्यांची मिशी हललेली पाहिली. मग पानं उलटून ते माझ्या पानावर आले. पेन्सिलीच्या ओळीखाली शेऱ्यात जागा शिल्लक होती.

"तुमी देत हुता का?"

"देत होते," मी म्हणाले. "रोज. उभी राहून. हजर म्हणून."

सुभेदारांनी माझ्या हातातलं निळं पेन घेतलं आणि तेही लिहिलं.